पुढचा ब्रेक

विजयादशमीच्या सकाळी माझी आई धाकट्या भावाच्या मोटरसायकलवरून पडली. म्हैसूरला सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरापासून दुसऱ्या वळणावर हे घडलं. तिचं उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, ती घरी आली, पण पुन्हा चालली नाही. माघात तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली.

त्या सकाळी ती जयलक्ष्मीपुरमला मावशीकडे निघाली होती. दुपारी मिरवणुकीसाठी गावातले रस्ते बंद होतात, त्याआधी परत यायचं होतं. मांडीवर होळिगेचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा होता. ती नेहमी बसायची तशी एका बाजूला पाय सोडून बसली होती. भावाने सांगितलेली हकीगत अशी: वळणावर गल्लीतून एक रिक्षा अचानक बाहेर आली. त्याने पुढचा ब्रेक दाबला. लीव्हर हाताला नेहमीसारखा कडक लागला, पण गाडीचा वेग कमी झाला नाही. मग त्याने मागचा ब्रेक जोरात दाबला. मागचं चाक घसरलं. गाडी आडवी झाली. त्याचा कोपर सोलवटला. रिक्षा थांबली नाही.

हॉस्पिटलने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. हवालदार आला तेव्हा आई शुद्धीवर होती. तिने कन्नडमध्ये जबाब दिला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असं तिने सांगितलं आणि सही केली. मग हवालदाराला विचारलं, "डबा कुणी उचलला का हो? स्टीलचा होता."

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या पलटणीतल्या मराठ्यांचं. आता घरात शिपाई कोणी नाही. वडील हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. भाऊ शहरातल्याच विजयनगर भागाच्या पलीकडे एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आहे. मी इथल्याच एका वर्तमानपत्रात काम करते. पलटणीतलं एवढंच राहिलं आहे: एक तलवार, एक कट्यार आणि खंडेनवमी.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेजारचे लोक गाड्या धुतात, केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, कोहळा फोडतात. आमच्या घरात त्याआधी तेल होतं. घरातल्या प्रत्येक लोखंडाला त्या दिवशी खोबरेल लागतं. आधी तलवार आणि कट्यार, मग विळी, अडकित्ता, आईचं शिवणयंत्र, कात्री, विहिरीवरची जुनी कप्पी आणि शेवटी गाड्या. जुन्या धोतराचा तुकडा वडिलांच्या हातात आणि तेलाची वाटी आईच्या. वडिलांच्या जुन्या स्कूटरला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक होते, म्हणजे ब्रेक चाकाच्या आत बंद असायचे. तिला बाहेरून कितीही तेल लावलं तरी बिघडायचं काही नव्हतं. स्कूटर विकली गेली. भावाच्या मोटरसायकलला पुढे डिस्क आहे. ती उघडी असते.

ती डिस्क ओरडत होती. श्रावणापासून ब्रेक दाबला की किर्रर्र असा आवाज यायचा. भाऊ फाटकातून आत शिरतोय हे स्वयंपाकघरात बसूनही कळायचं. वडील त्याला रोज सांगायचे.

"अरे, ते ब्रेक बघ की. अख्ख्या गल्लीला कळतंय तू आलास म्हणून."

"धूळ असते, अप्पा. रविवारी काढतो."

"कुठला रविवार? या वर्षीचा?"

आई आतून म्हणायची, "असू दे हो. आवाज आला की मी चहा ठेवते. सोयीचं आहे."

भावाने तो रविवार काढला नाही. कारखान्यात ओव्हरटाइम होता, मग गौरी-गणपती आले, मग दसरा.

अपघातानंतर वडिलांनी कारण शोधायला वेळ लावला नाही. ब्रेक ओरडत होता, म्हणजे पॅड संपले होते. पॅड संपले होते म्हणून ब्रेक लागला नाही. पॅड बदलायचं काम मुलाचं होतं आणि ते त्याने केलं नाही. हे गणित त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मांडलं आणि पुढचे चार महिने ते रोज मांडत राहिले. आईला बेडपॅन देताना, औषधाच्या वेळी, जेवताना.

"सांगितलो होतो की नाही मी? सांगितलो होतो की नाही?"

भाऊ म्हणायचा, "सांगितलात."

"कारखान्यात दुसऱ्यांची मशीनं बघतो म्हणे. घरची गाडी बघता येत नाही साहेबांना."

आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची. एकदा ती म्हणाली, "तुमचं चालू दे. मी जाते उठून." मग म्हणाली, "छे, जाता येत नाही. आयतु, बसते ऐकत." आयतु म्हणजे ठीक आहे. यावर भाऊ हसला. वडील हसले नाहीत.

मावशी आठवड्यातून दोनदा यायची. ती वडिलांना तोंडावर बोलायची. "भावोजी, पुरे करा आता. त्याची आईच ना ती? त्याने काय मुद्दाम पाडली तिला?"

"मी कुठं मुद्दाम म्हणालो? आळस म्हणालो."

"मग रोज रोज काय तेच? शाळेत पोरांना असंच छळायचात काय?"

"शाळेतली पोरं सांगितलं की ऐकायची."

आई असेपर्यंत मोटरसायकल मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. भाऊ बसने जात होता. बस चुकली की त्याचा अर्धा दिवस कापला जायचा. दिवसकार्य झाल्यावर मावशीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती गाडी एकदा नीट कर, नाहीतर विकून टाका. तो तिच्याकडे बघून बघून वाळत चाललाय." भाऊ गाडीला हात लावायला तयार नव्हता. मला ते काम येतं. जिल्ह्यात बातम्यांसाठी फिरायचे तेव्हा माझ्याकडेही मोटरसायकल होती. पॅड बदलणं, चेन ताणणं, प्लग साफ करणं मी स्वतःच करायचे. मी नवे पॅड आणले आणि एका रविवारी सकाळी ताडपत्री काढली.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली. हवा दोन्ही चाकांत कमी होती. चेन सुकून गंजाला आली होती. बॅटरी उतरलेली होती. आधी पुढच्या ब्रेकला हात घातला. डिस्कला चिमट्यासारखा धरणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. त्याचे दोन बोल्ट सोडवले, कॅलिपर डिस्कवरून ओढून घेतला, पिन काढली आणि दोन्ही पॅड हातात घेतले.

पॅड झिजलेले नव्हते.

पॅडच्या मध्यभागी एक खाच असते. ती पुसली गेली की पॅड संपला असं समजायचं. दोन्ही पॅडवर ती खाच स्पष्ट होती. मसाला, म्हणजे पत्र्यावरचा घासला जाणारा थर, अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. कडेला बारीक धूळ घट्ट बसली होती. आवाज तिचा असणार. पॉलिश पेपरने कडा घासल्या असत्या तरी तो गेला असता. पण पॅडचा मधला भाग काळा आणि चकचकीत होता. नखाने खरवडल्यावर नखाला चिकट लागलं. माघातली सकाळ थंड होती. डिस्कच्या भोकांच्या कडेला पांढरं काहीतरी थिजलं होतं. बोटावर घेतल्यावर ते विरघळलं. वास खोबरेलाचा होता. एका भोकात सुती धागा अडकला होता. त्याला कुंकू लागलं होतं.

मी पॅड वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवले आणि काम तिथेच थांबवलं.

तेल लागलेली डिस्क आणि पॅड एकमेकांना धरत नाहीत. लीव्हर कडक लागतो, कारण ब्रेक ऑइल आणि पिस्टन ठीक असतात, पण चाक फिरत राहतं. भावाने सांगितलं होतं ते याच्याशी जुळत होतं. तरी मी ते कोणाला सांगितलं नाही, कारण एक गोष्ट मला माहीत नव्हती. त्या खंडेनवमीला मी कामावर होते. गाड्यांना तेल लागलं तेव्हा मी घरी नव्हते.

दुपारी जेवायला बसल्यावर मी वडिलांना विचारलं. भाऊ तेव्हा आंघोळीला गेला होता.

"अप्पा, खंडेनवमीला याच्या गाडीला तेल कुठं कुठं लावलं होतं?"

वडील भात कालवत होते. "चेनला. स्टँडला. त्या पुढच्या चकतीला."

"चकतीला?"

"ओरडत होती ना ती. तुझा भाऊ बघणार होता का? आधी तिलाच लावलो. दोन्ही बाजूंनी, चांगलं चोळून. तुझी आई म्हणाली, तेल फार झालं. मी म्हणालो, वर्षाचा सण आहे, पिऊ दे तिला." त्यांनी घास घेतला. "मग ओरडली का ती परत? विचार त्याला. एकदा तरी ओरडली का?"

मी नाही म्हणाले.

"बघ. मला एका दिवसात जमलं. त्याला तीन महिन्यांत जमलं नाही."

वाटी आईच्या हातात होती. पुढे चार महिने ती अंथरुणावर होती आणि वडील रोज तेच बोलत होते. तेल कुठं लागलं हे तिला माहीत होतं. त्याचा अर्थ तिला लागला होता का, ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हे ती असेपर्यंत मला माहीत नव्हतं.

भावाला मी संध्याकाळी पडवीत सांगितलं. वडील देवळात गेले होते. कागद उघडून मी पॅड त्याच्यासमोर ठेवले.

तो लांबूनच म्हणाला, "किती झिजलेत, अक्का?"

"झिजलेले नाहीत."

त्याने एक उचलला, खाच बघितली, मग अंगठा फिरवला. तो रोज यंत्रांत हात घालणारा माणूस आहे. त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. त्याने बोटाचा वास घेतला. डिस्कजवळ बसून भोकातला धागा बघितला. तो मी काढला नव्हता.

"त्या दिवशी ती ओरडली नाही," तो म्हणाला. "फाटकातून निघालो तेव्हा. मला वाटलं, बरं झालं. गेलं आपोआप. आईसुद्धा म्हणाली, आज तुझा भोंगा बंद."

"अप्पांना मी विचारलं. चकतीला लावलं म्हणाले. आवाज जावा म्हणून."

त्याने पॅड परत कागदावर ठेवला. मग त्याने विचारलं, "त्यांना कळलंय?"

"नाही."

"सांगणार आहेस?"

"खरं काय ते त्यांना कळायला नको? रोज तुला बोलतात."

"बेडा." बेडा म्हणजे नको. तो हे दोनदा म्हणाला. "बेडा, अक्का. त्यांचं वय बघ. आईला त्यांनी पाडली हे घेऊन ते कुठं जातील? जेवतील का तरी?"

"आणि तू?"

"मी ऐकतोय चार महिने. सवय झाली." मग म्हणाला, "आणि आवाज तर मीच ठेवला ना. मी वेळेवर साफ केलो असतो तर ते कशाला चोळतील? ते तर खरं की."

मी म्हटलं, हे अर्धं खरं आहे. तो म्हणाला, अर्धं बास आहे.

त्याच आठवड्यात वडिलांनी पॅड बघायला मागितले. मावशी आली होती. नवे पॅड बसवायचं काम बाकी आहे, असं मी तिला सांगत होते. वडील आतल्या खोलीतून म्हणाले, "जुने टाकू नका. मला बघायचे आहेत. माणूस किती आळशी असू शकतो ते बघायचंय एकदा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या अंगणातून घासण्याचा आवाज आला. धुण्याच्या दगडाजवळ भाऊ उकिडवा बसला होता. दगड टाकी लावलेला, खरखरीत आहे. त्यावर तो एक पॅड घासत होता. दुसरा बाजूला ठेवला होता आणि त्याचा मसाला जवळजवळ गेलेला होता. खालचा लोखंडी पत्रा दिसत होता. दगडावर काळी रेघ पडली होती. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची कातडी निघाली होती. मी बघतेय हे त्याला कळलं. त्याने मान वर केली नाही.

"चहा ठेव," तो म्हणाला. "हे झालं की येतो."

घासून झाल्यावर त्याने दोन्ही पॅड साबणाने धुतले, गॅसवर शेकले आणि पुन्हा राखेत घोळवून पुसले. न्याहारी झाल्यावर ते वडिलांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवले.

"हे बघा, अप्पा."

वडिलांना मोतीबिंदू आहे. वाचायचं असलं की ते वस्तू तोंडाजवळ नेतात. त्यांनी एक पॅड उचलला आणि जवळ धरला. डोळ्यांजवळ धरला की नाकाजवळ, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. बराच वेळ धरला. मग पत्र्यावरून बोट फिरवलं. दुसरा उचलला आणि तसंच केलं. मग त्यांनी भावाच्या हाताकडे बघितलं. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"हाताला काय झालं?"

"कारखान्यात लागलं."

"काल रात्री तर नव्हतं. काल रजा होती ना तुला?"

भावाने हात मागे घेतला. वडील माझ्याकडे वळले.

"तू त्या दिवशी तेलाचं का विचारत होतीस?"

मी उत्तर देण्याआधी भाऊ म्हणाला, "चेन सुकलीय म्हणून. कुठलं तेल लावलं होतं ते तिला बघायचं होतं."

"मी तिला विचारलो."

"चेन सुकली होती, अप्पा," मी म्हणाले. चेन सुकली होती हे खरं होतं.

वडिलांनी पॅड स्टुलावर ठेवले. बाजूबाजूला, कडा जुळवून ठेवले.  सांगितलो होतो की नाही, हे म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या घरात ऐकू आलेलं नाही.

मी काम पुरं केलं. कॅलिपरचा पिस्टन साफ करून आत ढकलला. डिस्क पेट्रोलने दोनदा पुसली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा पुसली. भोकातला धागा पिनेने काढला. नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, लीव्हर घट्ट होईपर्यंत दाबला. चेनला चेनचं तेल दिलं आणि जास्तीचं पुसलं. हवा भरली. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत ब्रेक सावकाश वापरायचा असतो. म्हणून भाऊ गल्लीत दोन-चार फेऱ्या मारून आला. प्रत्येक फाटकापाशी गाडी थांबवत आला. आवाज येत नव्हता.

आता वडील त्याला बोलत नव्हते. शिव्या गेल्या, त्याबरोबर बाकीचंही गेलं. तो आत आला की ते वर्तमानपत्र उचलायचे. ताट वाढलेलं असलं तर भाजी पुढे सरकवायचे, पण नाव घेऊन हाक मारायचे नाहीत. भाऊ कारखान्यातली एखादी गोष्ट सांगायला लागला की ऐकायचे, मान हलवायचे आणि उठून जायचे. मावशीला हा बदल चांगला वाटला. "चला, तुझ्या बापाला अक्कल आली," ती म्हणाली. नंतर दोन-तीनदा आल्यावर तिने मला विचारलं, "अगं, हे दोघं बोलत का नाहीत? त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या."

एकदा मी वडिलांना सरळ विचारलं, त्याच्यावर राग आहे का. ते म्हणाले, "त्याच्यावर कशाला?" मी पुढचं विचारलं नाही.

भावाने विजयनगरात खोली घेतली. कारखान्याजवळ बरं पडतं, असं कारण सांगितलं. कारखाना खरंच जवळ पडतो. रविवारी तो जेवायला येतो.

वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मला कामावरून निघता आलं नाही. भाऊ म्हणाला, मी नेतो. त्या सकाळी तो वेळेआधी आला, गाडी फाटकाबाहेर लावली आणि त्यांच्यासाठी जास्तीचं हेल्मेट घेऊन आत आला. मी निघायच्या तयारीत होते. वडील कपडे करून, फाइल काखेत घेऊन बसले होते. ते उठले, चपला घातल्या आणि गाडीजवळ येऊन थांबले. भावाने हेल्मेट पुढे केलं.

वडिलांनी ते घेतलं नाही. "तू चालव," ते म्हणाले. "मी बसने येतो."

"अप्पा, ब्रेक नवे आहेत. अक्कानेच बसवलेत."

"माहीत आहे."

ते स्टॉपच्या दिशेने चालायला लागले. भावाने हेल्मेट आरशाला अडकवलं. गाडी चालू केली नाही. हँडल धरून, ढकलत, तो त्यांच्या बाजूने चालत गेला. स्टॉपवर दोघं शेजारी उभे राहिले. बस आली. वडील चढले.